बांगड्यांच्या टोपलीतून गेलेली ओवी

मी मुनिराची टोपली. बांबूची, तळाला जुन्या लुगड्याची घडी घातलेली. मोमिनाबादच्या एका बुरुडाने मला विणलं आणि केजच्या मुनिरा मणियारणीच्या डोक्यावर बसून मी निजामी अमलातली तीसेक गावं पाहिली. माझ्यात बांगड्या असत. पण बायका जमत त्या निम्म्या बांगड्यांसाठी आणि निम्म्या गाण्यांसाठी.

बांगडी चढवताना हात दाबावा लागतो, तो दुखतो. बाईचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मुनिरा जात्यावरच्या नव्या ओव्या सांगे, आणि कोणती कुणी रचली, कशी उतरली, तेही. ती म्हणे, जानकीबाई नवी आहे, ओवी चांगली पण शेवट ढिला, पंचमीपर्यंत सुधारेल. होळच्या साखराबाईंची मात्र डोळे झाकून घ्या. साखराबाईंचं नाव काढलं की बायका दुसरा हातही पुढे करत. मुनिराला स्वतःला एक ओळ जुळवता येत नव्हती, पण चांगलं गाणं तिला लांबून कळे. मला तिचा फार अभिमान वाटे.

एका दुपारी युसुफवडगावात ती मनकर्णाच्या दारी पाण्याला थांबली. मनकर्णा विशीतली, नवरा पटकीत गेलेला. अशा दारात बांगड्यांची टोपली नेत नाहीत, म्हणून मला बाहेर लिंबाखाली ठेवलं. आतून दळताना आवाज आला:

मुका माझा हात, जातं बोलं माझ्यासाठी
बहिणी गं, वाजू दे काकणं तुझ्या हाती

मुनिराच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. ओवी कुणाची, तिने विचारलं.

"माझीच हाय," मनकर्णा म्हणाली. "चाची, गावोगाव सांगा. पर माझं नाव घेऊन सांगा."

मुनिराने हो म्हटलं. पण पुढच्या गावात सणाची गर्दी. हातात बांगडी चढत असताना विधवेची ओवी कोण घेणार? ती सांगून बसली, साखराबाईंची आहे. काकणांवरची ओवी, त्यात नाव मोठं; महिनाभरात ती धारूरपर्यंत पोचली. मुका हात म्हणजे काकणांविना, विधवेचा; तो सवाष्ण साखराबाईंच्या नावावर गेला, हे मुनिराच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं, पण टोपलीचं ऐकतो कोण?

धारूरला साखराबाईंचा भाऊ बंकट राहत असे. बायको दळताना ही ओवी म्हणाली, तीही त्याच्या बहिणीची म्हणून. बहिणीचा हात मुका? म्हणजे दाजी गेले आणि आपल्याला निरोपसुद्धा नाही! पागोटं काखेत मारून तो रडत होळला आला, तर दाजी रामहरी ओट्यावर कांदा-भाकरी खात बसलेले. बंकटने गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की धारूरलाच कुणी गेलं असं वाटून दाजीही रडू लागले.

तिसऱ्या दिवशी आम्ही होळला गेलो. साखराबाईंनी मुनिराला समोर बसवलं. तिने मान खाली घालून सगळं खरं सांगितलं. आता मी अंगणात भिरकावली जाणार, असं मी धरून चालले होते.

साखराबाईंनी हातातली काकणं मागे सारून पाहिली. मग म्हणाल्या, "माझ्या हातात कोपरापर्यंत काकणं हायत, मुनिरा. मला ही ओवी सुचलीच नसती. चल तिच्याकडं."

मनकर्णाने त्यांच्याकडून सगळं ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या नावाने का होईना, गायली तर गेली, असं ती म्हणू लागली. साखराबाईंनी तिला पुढे बोलू दिलं नाही. जात्यापलीकडे बसून त्यांनी खुंटा धरला, तीच ओवी म्हटली आणि खाली आपली एक ओळ जोडली:

मनकर्णाची ओवी, आता साखरा गाती

त्यानंतर ही ओवी तीन ओळींचीच झाली. नाव गाळायचं तर गाणंच तुटतं.

आता माझा तळ सैल झालाय, बांगड्या निसटतात. मुनिराने मला मनकर्णाला देऊन टाकलं. ज्या दारात मला नेत नव्हते, त्याच घरात मी जात्याशेजारी ज्वारी सांभाळत बसले आहे. तुम्हाला नवं गाणं आवडलं तर चार जणींना जरूर सांगा. फक्त ते कुणाचं, हे आधी सांगा. एका पोरीने एवढंच मागितलं होतं.