टाकीमागची जागा

रश्मी आमच्या घरात सून म्हणून मे महिन्यात आली, आणि ऑक्टोबर लागला तरी तिची निळी बॅग खोलीच्या कोपऱ्यात भरलेलीच होती. लागेल तो ड्रेस वरून काढायची, धुऊन, वाळवून, घडी घालून पुन्हा आत ठेवायची. विश्वजीतने, म्हणजे माझ्या मुलाने, लग्नाआधी मुद्दाम नवं कपाट करून घेतलं होतं. त्यात त्याचे चार शर्ट आणि रांजणगावच्या कंपनीचे दोन ड्रेस लटकत होते, बाकी सगळं रिकामं. मी खोली झाडायला गेले की आधी ती बॅग दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

मी सविता. मांडवगण फराट्यात आमची वस्ती आहे, नदीच्या अंगाला ऊस आणि घराजवळ शेवंती. मी बोलकी बाई आहे. ह्यांच्या मते जरा जास्तच. सून मात्र मिळाली मुकी. पोरगी दौंडची, कॉम्प्युटर शिकलेली, दिसायला गोड, पण पाच महिन्यांत तिच्या तोंडून मी तीनच वाक्यं ऐकली होती. ‘हो आई’, ‘नको आई’ आणि ‘असू द्या आई’.

मग एका दुपारी ती तिच्या आईशी फोनवर बोलताना कानावर आलं. मी काही दाराला कान लावून उभी नव्हते, खिडकीखाली लसूण सोलत होते.

“पाहुण्यासारखं वाटतं गं इथं. नाही, कुणी वाईट नाही. पण माझं असं काहीच नाही इथं. दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर येते काही दिवस.”

‘काही दिवस’ म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. लेकी काही दिवस जातात आणि मग त्यांना आणायला चार माणसं पाठवावी लागतात. मला ही पोरगी जायला नको होती, उगीच आडपडदा कशाला ठेवू. पायरीवर केस वाळवत बसली की ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची, आणि त्या वेळी घर भरल्यासारखं वाटायचं. शिवाय रागही आला. काय कमी केलं होतं मी हिला? शेवंती तोडायला उन्हात नेली नाही. गॅसपुढे उभी राहू दिली नाही. ‘राहू दे गं, मी करते’ असं दिवसातून वीस वेळा म्हणत होते मी!

त्यानंतर दोनच दिवसांनी, दुपारचे दोन वाजले असतील, तिच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला.

“शितल, गाढवे, मागं बघ ना! सारिका, झोपलीस का? सोड, सोड ते, मर आता!”

मला वाटलं भांडण लागलं. दार ढकललं तर रश्मी पलंगावर मांडी घालून, कानात हेडफोन, हातात आडवा फोन, गाल लाल झालेले आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. मला पाहिलं आणि ती ताडकन उठली, ओढणी डोक्यावर घेतली. हसू कुठल्या कुठे गेलं.

“काही नाही आई. खेळ होता. आजचा शेवटचाच.”

“शेवटचा का म्हनून?”

खोदून विचारलं तेव्हा कळलं. कॉलेजपासून दौंडच्या पाच जणी मिळून हा खेळ खेळायच्या. समोर दुसरे पाच. रश्मी, शितल, सारिका, आणखी एक फारसं न बोलणारी मैत्रीण, आणि पाचवी करिश्मा, ती बाळंतपणाला गेली. आणि पाच जणी पुऱ्या झाल्याशिवाय टीम होत नाही.

“मग मला घे,” मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण खरं सांगू का, मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. माझ्या घरात एवढा मोठ्यानं बोलणारं माणूस राहतं आणि मलाच पत्ता नाही.

रश्मीनं डोक्यावरची ओढणी आणखी पुढे ओढली. मग म्हणाली, “हो आई.” दुसरं काय म्हणणार होती ती.

दुसऱ्या दिवशी शेवंतीची फुलं टेम्पोत चढवली, जेवणं झाली आणि माझी शाळा भरली. विश्वजीतचा जुना फोन मला दिला. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं, आणि उजवीकडच्या एका बटणानं बंदूक चालवायची. ऐकायला सोपं आहे. पहिला अर्धा तास मी भिंतीला तोंड लावून चालत होते. मग आभाळाकडे बघत चालले. एकदा तर शितलच्याच पाठीत गोळी घातली, नशीब की आपल्या माणसाला ती लागत नाही.

“घाई करू नका आई. पळालं की पायांचा आवाज समोरच्याला ऐकू जातो. हळू चाललं की जात नाही,” रश्मी सांगत होती. “कोपऱ्यावरून एकदम बाहेर पडायचं नाही. थोडं थोडं बघायचं. आणि दिसलं की लगेच मारायच्या आधी सांगायचं. किती जण, कुठं, कुठल्या बाजूला चाललेत.”

“आन् मेले तर?”

“तो राऊंड संपेपर्यंत बसून बघायचं. पुढच्या राऊंडला परत जिवंत.”

सोय चांगली आहे म्हटलं.

खेळ असा होता. दोन जागा राखायच्या. समोरचे पाच जण त्यातल्या एका जागेवर बॉम्ब लावायला येणार, आपण लावू द्यायचा नाही, आणि लावलाच तर फुटायच्या आत जाऊन बंद करायचा. त्या जागांना इंग्रजी अक्षरं होती. ती माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी एकीला ‘गोठा’ म्हटलं आणि दुसरीला ‘टाकी’, कारण तिथं पाण्याच्या टाकीसारखं काहीतरी गोल होतं. दोन दिवसांत पोरीही ‘गोठ्यात दोन आले’ म्हणायला लागल्या. मला टाकीमागं बसवलं. काम एकच, बोळावर नजर ठेवायची आणि जागा सोडायची नाही.

आणि मला तेच जमेना.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. गेल्या साली शेजारच्या गेणबा भाऊजींची कालवड नेली त्यानं. त्यामुळं वस्तीवरची रीत अशी की, एक हाक आली की हातातलं टाकून, काठी घेऊन, सगळ्यांनी हाकेकडे पळायचं. कुणाची हाक, कशाची हाक, हे विचारत बसायचं नाही. मी तर सगळ्यांच्या पुढे असते. इथंही तेच झालं. गोठ्याकडून शितल ओरडायची, “आले, आले, तिघं आले!” आणि मी टाकी सोडून निघालेच. मी गोठ्यात पोचेपर्यंत तिकडचं काय ते झालेलं असायचं आणि रिकाम्या टाकीवर बाकीचे दोघं निवांत बॉम्ब लावून मोकळे. एकदा नाही, रोज. हातचं सोडून पळत्याच्या पाठी.

“असू द्या आई,” रश्मी प्रत्येक वेळी म्हणायची.

तीच पोरगी शितलला गाढवे म्हणायची. सारिकाला आंधळे म्हणायची. आणि माझ्यामुळं सहा मॅच हरलो, तरी मला ‘असू द्या’. सातव्या दिवशी मला ते टोचायला लागलं. पाहुण्याच्या हातून कप फुटला की आपण म्हणतो, असू द्या, जुनाच होता. घरच्यानं फोडला तर त्याची सात पिढ्यांची उजळणी करतो. मी हिच्यासाठी पाहुणी होते, जशी ती स्वतःला माझ्या घरात पाहुणी समजत होती. आता हे कुठून आलं ते मात्र माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं.

ते रविवारी शिरलं.

रविवारी दुपारी शिरूरच्या पोरांच्या टीमशी मॅच होती. ही पोरं दरवेळी ह्या पोरींना हरवायची आणि वर चिडवायची. तेरा राऊंड आधी जिंकेल त्याची मॅच. दहा-दहाची बरोबरी झाली होती आणि राखायची पाळी आमची होती. विश्वजीत दुसऱ्या पाळीला कंपनीत होता, हे ओसरीवर पेपर वाचत होते. मी रश्मीच्या शेजारी पलंगावर, कानात हेडफोन.

या वेळी गोठा एकटी रश्मी राखत होती. तिच्याकडे दोघं आले. “दोन इथं,” ती म्हणाली, अगदी शांत. आणि मी टाकी सोडली. शितल हाक मारायची तेव्हा पळणारी मी, ही तर माझी सून होती! पळत गेले, तिच्या पुढ्यात आडवी आले, तिला समोरचं दिसेना, आम्ही दोघी मेलो आणि टाकीवर बॉम्ब लागला. दहा-अकरा.

“असू...” रश्मी म्हणाली आणि थांबली. मग तिनं कानातला हेडफोन ओढून काढला.

“नाही! असू द्या नाही! आई, तुमची जागा सोडू नका ना! मी सांगितलं, मी बोलावलं नव्हतं! माझं मी बघत होते! तुम्ही सगळीकडं स्वतःच धावता. मी कणीक काढली की तुम्ही हातातनं परात घेता. मी गॅस लावला की तुम्ही येऊन उभ्या. कपडे वाळत घातले तर ते काढून पुन्हा झटकून घालता. मला एक तरी जागा द्या ना! मग मी काय करायचं इथं?”

ओसरीवर ह्यांच्या पेपरची सळसळ थांबली. रश्मीचं तोंड पांढरं पडलं. आपण सासूवर ओरडलो हे तिला आत्ता कळलं असावं.

मला राग यायला हवा होता. आमच्या सासूबाईंवर मी असा आवाज चढवला असता तर त्या दिवशी मी माहेरीच जेवले असते. पण राग आला नाही. लाज वाटली. वीस वेळा ‘राहू दे, मी करते’. मला वाटायचं मी तिचे लाड करते. अन् मी काय करत होते, तर तिच्या पुढ्यात आडवी येत होते.

“राऊंड चालू झाला,” मी म्हटलं. “कानाला लाव ते.”

मी टाकीमागं जाऊन बसले. थोड्या वेळानं गोठ्याकडून गोळ्यांचा आवाज आला. “दोन आले,” रश्मी म्हणाली. माझा अंगठा शिवशिवला. पाय तर पलंगावरच हलले. पण जागा सोडली नाही. “एक पाडला,” ती म्हणाली. मग, “मी गेले.”

मी बसूनच राहिले. आणि बोळातून हळूहळू, मी इथं नसणार अशा खात्रीनं, एक पोरगा आला. त्याच्यामागं दुसरा.

“टाकीवर दोन,” मी म्हटलं, “बोळातनं, भिंतीच्या कडंकडंनं येत्यात,” आणि मग बटण दाबून धरलं. पहिला पडला. दुसऱ्यानं मला पाडलं, पण तोवर माझं बोलणं ऐकून सारिका मागून आली होती, तिनं त्याला पाडलं. उरलेले दोघं शितलनं आणि त्या न बोलणाऱ्या मैत्रिणीनं शोधून पाडले. अकरा-अकरा.

पोरी एवढ्या किंचाळल्या की हे दारात येऊन उभे राहिले. पुढचे दोन राऊंड आणि मॅच आम्ही हरलोच, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मी ओसरीवर येऊन बसले. ह्यांनी बारीक आवाजात विचारलं, “सून वरडली व्हय तुला?”

“वरडली. बरं केलं.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपट वास आला.

“फोडनी जळतीया वाटतं,” हे म्हणाले. “जा की.”

“जळू द्या,” मी म्हटलं आणि दोन्ही हातांनी ओसरीची कड धरून बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. डबे उघडत होते, बंद होत होते. हळदीचा डबा वरच्या फळीवर आहे हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. टाकीमागं बसणं सोपं होतं यापेक्षा.

ताटं आली. भाकरी एका बाजूनं जाड आणि एका बाजूनं फाटलेली. वांग्याच्या भाजीत मीठ मूठभर ओतलेलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. रश्मी दाराशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

“मीठ लई झालंय,” मी म्हटलं. “आन् भाकरी थापताना कडा का सोडतेस? एवढी शिकलेली पोरगी, भाकरी गोल येत न्हाई व्हय तुला?”

ह्यांचा घास हातातच राहिला. रश्मीनं वर बघितलं. क्षणभर वाटलं रडतेय की काय. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले.

“आणि तुम्ही आठ दिवस आभाळाकडं बघत चालत होतात ते?” ती म्हणाली. “मी काही बोलले का?”

मी अशी हसले की मला ठसका लागला. तिनंच पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी फुलं तोडून आले तर तिच्या खोलीचं दार उघडं होतं. निळी बॅग पलंगावर उताणी पडलेली, सगळे कपडे बाहेर, आणि रश्मी कपाटापुढं उभी.

“आई, साड्या वर ठेवू की खाली?”

‘सरक, मी लावते’, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते.

“मला काय इचारतीस?” मी म्हटलं. “कपाट तुझं हाय.”

आणि मी स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवणार होते, पण गॅसवर आधीच आधण ठेवलेलं होतं. मी हात लावला नाही.