नमुन्याचा फोटो

आम्ही साबणाची डबी घ्यायला गेलो होतो. 'काहीही घ्या, भाव एकच' अशी पाटी लावलेलं दुकान. कपड्यांचे चिमटे, गाळण्या, प्लॅस्टिकची फुलं, सगळं एकाच मांडणीवर. फोटोफ्रेमपाशी आई थबकली.

"हा आपला दादा."

बारा फ्रेम ओळीने उभ्या आणि प्रत्येकीत तोच छापील फोटो: हसणारा माणूस, शेजारी बाई, मांडीवर लहान मुलगी. दादा आठ वर्षांपूर्वी भांडून घरातून गेला, तेव्हापासून त्याचा ना पत्ता, ना फोन.

"काकू, ते नमुन्याचे कागद असतात, फ्रेमबरोबरच येतात," दुकानातली मुलगी म्हणाली. "काल एकजण विचारत होता, यातली बायको वेगळी मिळेल का."

आई हसली नाही. मी एक फ्रेम उजेडात धरली. दादा डावखुरा, घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचा. फोटोतही उजव्याच. पण झोपाळ्यावरून पडल्याचा व्रण त्याच्या उजव्या भुवईवर होता. इथे तो डाव्या भुवईवर होता.

"छापताना कधी कधी फोटो उलटा होतो, डाव्याचं उजवं होतं," मी बोलून गेले आणि लगेच पस्तावले. उलटा धरला तर व्रण जुळत होता, पण मग घड्याळ डाव्या हातात जात होतं.

"घड्याळाचं काय घेऊन बसलीस? हात बदलता येतो. भुवई बदलते का?"

"अगं, पण तो दादा नसेलही."

"नसेलही म्हणजे असेलही."

पैसे देऊन आम्ही फ्रेम घरी आणली. डबी राहिलीच.

आईने फ्रेम कपाटाच्या आरशाकडे तोंड करून ठेवली. आरशात व्रण उजव्या भुवईवर आला. क्षणभर तो दादाच होता. मग मनगटाकडे लक्ष गेलं आणि तो कोणी परका झाला. पुन्हा भुवई, पुन्हा दादा.

"बायकोने सवय मोडली असेल," आई म्हणाली. "मी पट्टीने मारूनसुद्धा मोडली नव्हती."

मग ती पुढे वाकली. "पोरीच्या हातात खडू आहे ना? कुठल्या?"

"आरशात उजव्या. फोटोत डाव्या."

"डाव्या? बापासारखी?"

आईने घाईघाईने फ्रेम आमच्याकडे वळवली. पोरीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिची नजर त्या माणसाच्या भुवईवर गेली आणि तिने फ्रेम पुन्हा आरशाकडे फिरवली.