उसन्याला भाव नसतो

अन्नपूर्णाला राग आला की ती भांडी घासायला बसायची. २००८ च्या दसऱ्याला तिच्या धाब्यावरची पातेली इतकी लखलखत होती, की ट्रकवाले त्यांत बघून भांग पाडत.

धाबा सडक अर्जुनीच्या बाहेर, नागपूर-रायपूर रस्त्याला. जागा तिच्या नवऱ्याच्या, ताराचंदच्या, बापाची, मेहनत अन्नपूर्णाची आणि पैसा चुन्नीलाल सेठचा. चुन्नीलालची सौंदडकडे राईस मिल होती. नऊ वर्षांपूर्वी त्याने धाबा उभारायला कर्ज दिलं ते एका अटीवर: तांदूळ, डाळ, तेल, जे काही चुलीवर चढेल ते त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि तो म्हणेल त्या भावाने. म्हणजे एका हाताने पैसा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तोच आपल्या गल्ल्यात ओढायचा. हप्ता वेळेवर आला की सेठ भाव वाढवी, आणि भाव वाढला की पुढचा हप्ता चुके. घाण्याच्या बैलाला तरी संध्याकाळी सोडतात.

पण सेठचंही तिच्यावाचून पान हलत नव्हतं, हे सेठ कधी बोलत नसे. त्याची मिल उसन्याची. उसना म्हणजे धान आधी उकडून, वाळवून मग काढलेला पिवळट तांदूळ. इकडचा माणूस अरवा, म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळ खातो; उसन्याकडे तो ढुंकून बघत नाही. उसना लागतो ओडिशा-बंगालच्या ड्रायव्हरांना, आणि त्या रस्त्यावर ते थांबत फक्त अन्नपूर्णाकडे. उरलेला माल सेठ लांब पाठवी, पार परदेशी जहाजापर्यंत. त्या वर्षी सरकारने तांदूळ देशाबाहेर पाठवायला बंदी केली आणि सेठचं गोदाम तुंबलं. दिवाळीनंतर नवीन धान येणार, आणि जुना तांदूळ कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, सोंडे पोसत बसलेला.

तरी अन्नपूर्णाचा राग तांदळापासून सुरू झाला नव्हता. तो वैशाखातला होता. तेव्हा एक हप्ता चुकला, आणि ताराचंद मुदत मागायला मिलवर गेला. सेठने त्याला फाटकाजवळच्या उघड्या ओट्यावर बसवलं. “पैसे येतपर्यंत इथून उठायचं नाही,” म्हणाला. ताराचंद बसला. वैशाखाचं ऊन, जाणारे-येणारे हमाल बघताहेत, आणि पाण्याचं एकानेही विचारलं नाही. अन्नपूर्णा कानातले मोडून पैसे घेऊन पोचली तेव्हा त्याचे ओठ फुटले होते. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, “जाऊ दे वं. देनं लागतो आपन त्याचं.” सेठचा तर तिला राग आलाच, पण नवऱ्याच्या त्या ‘जाऊ दे’चा जास्त आला.

दसऱ्याच्या सुमारास धाब्यावरचा टीव्ही रोज अमेरिकेच्या नावाने गळा काढत होता. अमेरिका कशी बुडाली, ती चीनचं किती देणं लागते, आणि तेच पैसे घेऊन चीनचाच माल कशी विकत घेते, असं कोणीतरी टाय लावून सांगत होता. ताराचंद कौतुकाने म्हणाला, “पाय वं, आपल्यासारखंच हाये हे.”

अन्नपूर्णाने घासणी आदळली. “आपल्यासारखं? अमेरिकेले कोनं ओट्यावर बसोलं का?”

ताराचंदने टीव्हीचा आवाज कमी केला.

दुसऱ्याच दिवशी ती किराण्याचे बाहेरचे भाव विचारायला गोंदियाला गेली असताना सेठचा दिवाणजी उदाराम ट्रॅक्टर घेऊन आला. न सांगता, न विचारता त्याने धाब्याच्या मागच्या खोलीत उसन्याचे कट्टे छतापर्यंत रचले. ताराचंदने नाही म्हटलं नाही; त्याला ते कधी जमलंच नव्हतं. अन्नपूर्णा परतली आणि तिने एक कट्टा उसवला. कुबट वास नाकात शिरला. मूठभर तांदूळ काढला तर त्यातले सोंडे तिच्या मनगटावर चढले.

“हे मी मांगलं होतं का? त्याचं गोदाम सडलं तं आमी कायले भोगाचं?” ती ओरडली, तेव्हा जेवायला बसलेले ड्रायव्हर हातातला घास तसाच धरून बघत राहिले.

तिने पैसे देणार नाही म्हणून निरोप पाठवला. सेठने तंटामुक्त समितीकडे तक्रार केली. त्याला वाटलं, चार माणसांत बाई वरमेल. बैठक ग्रामपंचायतीच्या ओसरीवर ठेवली, तीही बाजाराच्या दिवशी, म्हणजे भाजीच्या पिशव्यांसकट सगळं गाव हजर. अध्यक्ष चैतराम. जन्मात कोणाशी वाकडं न घेतलेला माणूस, म्हणून तर त्याला अध्यक्ष केलेलं. सेठ खुर्चीवर, बाजूला त्याची स्वतःची पाण्याची बाटली. सेठ कुठेही गेला तरी ती बाटली सोबत असे. अन्नपूर्णाच्या धाब्यावर तर नऊ वर्षांत तो जीपमधून खाली उतरला नव्हता. दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तो जीपमधूनही दिसायचा.

“देखो चैतरामभाऊ,” सेठ म्हणाला, “सीधी बात है. मैंने इसको उसना दिया, ट्रॅक्टर भर के. अब पैसा नहीं देती.”

“मी मांगला नव्हता,” अन्नपूर्णा म्हणाली.

“मांगा नहीं मांगा छोडो. उसना घर में उतरा के नहीं?”

अन्नपूर्णा उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच थांबली. तिच्या आईच्या घरी शेजारीण वाटी घेऊन यायची. आई वाटी भरून द्यायची, आणि शेजारणीचं धान निघालं की तीच वाटी तशीच भरून परत यायची. ना हिशेब, ना व्याज.

“सेठ,” ती म्हणाली, “काय देला तुमी मले? सगळ्यायच्या समोर सांगा.”

“उसना दिया.”

“उसना देला?”

“हां, हां. उसना. कितनी बार बोलूँ?”

“आयकलं का जी चैतरामभाऊ?” ती वळली. “सेठ आपल्या तोंडानं सांगून रायले, मले तांदूळ उसना देला. उसन्याले कवा भाव असते का? वाटीले वाटी, कट्ट्याले कट्टा. जसा उसना देला तसा मी परत करून रायली. सोंडेही मोजून परत करीन.”

ओसरीवर क्षणभर कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग मागून एक म्हातारी खिदळली, आणि हसू असं पसरलं की भाजीच्या पिशव्या कलंडल्या. सेठ उठून उभा राहिला. “अरे, वो उसना नहीं! उकडा हुआ उसना!” तो ओरडत होता, आणि तो जितका ओरडे तितके लोक जास्त हसत. त्या ओसरीवरच्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी सेठच्या दारात मान खाली घातली होती. त्यांना हसायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती.

चैतरामलाही निसटायला वाट हवीच होती. “बाईनं मांगलं नाई, वापरलं नाई,” तो डोळे पुसत म्हणाला. “माल परत घ्या सेठ. तंटा मिटला.”

तंटा कसला मिटतो! कट्टे मिलवर परत गेले, आणि त्याच संध्याकाळी सेठने धाब्याचा सगळा पुरवठा बंद केला. वर निरोप, की उरलेलं कर्ज एकरकमी टाका. अन्नपूर्णा रोखीने मिळेल तेवढी डाळ आणि अरवा आणू लागली; उसना जवळपास दुसरीकडे मिळत नव्हता. पण ओडिशाचे ड्रायव्हर भातात हात घालून म्हणत, “ये हमारा चावल नहीं है, भाभी,” आणि पुढच्या खेपेला हॉर्नसुद्धा न वाजवता निघून जात. खाटा रिकाम्या पडल्या. घासायला भांडी उरली नाहीत, म्हणून राग कुठे काढावा हे तिला कळेना.

“सेठच्या पाया पडू का?” ताराचंदने एका दुपारी विचारलं.

“पडून तं पाय. तुह्या मांगं मी दार लावून घेईन,” ती म्हणाली.

आणि दिवाळीच्या तोंडावर सेठची जीप धाब्यापुढे थांबली. यावेळी सेठ खाली उतरला. एक कट्टा उतरवून उदाराम जीप घेऊन पंपावर डिझेल भरायला गेला. सेठ बाकड्याच्या टोकाला, धोतर सावरून बसला. मिलमध्ये नवीन धानाला तसूभर जागा नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“पुराना भूल जाओ, अन्नपूर्णाबाई,” तो म्हणाला. “तुमचं माझ्यावाचून चालत नाही, माझं तुमच्यावाचून. माल घ्या. भाव कम करता हूँ. नमुना आणला आहे.”

अन्नपूर्णाने सुरी घेतली. कट्टा उसवला, तांदूळ निवडला, धुतला, चुलीवर ठेवला. भात झाला. मग तिने थाळी वाढली, भात आणि वरण, आणि सेठपुढे ठेवली.

“खा.”

सेठने ताराचंदकडे पाहिलं. ताराचंदने जमिनीकडे पाहिलं. सेठने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि थाळी सरकवली.

“कायचा वास येते सेठ?” अन्नपूर्णाने विचारलं. “तांदळाचा येते, का माह्या हाताचा?”

सेठने थाळी आणखी दूर सरकवली. “चावल का,” तो शेवटी म्हणाला. “चावल खराब है.”

“मंग हाच चावल माह्या गिऱ्हाइकायच्या पोटात घालाले निघाले होते तुमी! वरून पैसेही माह्याजवळूनच!” तिने पदर खोचला. “आता आयका. तुमचं देनं मी बुडवत नाई, हप्त्यानं फेडीन. पन माल मी पायीन आणि मंग घेईन. भाव बाजाराचा राईन. नाई पटला तं दुसऱ्याजवळून घेईन. कबूल?”

सेठने रस्त्याकडे पाहिलं; जीपचा पत्ता नव्हता. मग त्याने होकारार्थी मान हलवली आणि तो उठू लागला.

“थाळीचे तीस रुपये,” अन्नपूर्णा म्हणाली. “नगद. उसनं चालत नाई इथं.”

सेठने सदऱ्याचा खिसा चाचपला, मग दुसरा. सेठलोक स्वतःजवळ पैसा बाळगत नाहीत. ते दिवाणजीचं काम. “उदाराम के पास है,” तो पुटपुटला. “आता येईल तो.”

“मंग बसा. पैसे येतपर्यंत इथून उठाचं नाई.”

चुलीजवळ ताराचंदच्या हातातला चिमटा पडला. “जाऊ दे ना वं,” तो सवयीने म्हणाला, पण यावेळी त्याचा स्वर वेगळा होता आणि मान वर होती. सेठ बाकड्यावर परत बसला.

“पानी ठेव त्यायच्या पुढं,” अन्नपूर्णा नवऱ्याला म्हणाली. “आपन बसोलेल्या मानसाले पानी देतो.”

ताराचंदने लखलखीत घासलेला ग्लास भरून सेठपुढे ठेवला. कुबट भात सेठच्या घशात अडकला होता. त्याची बाटली जीपमध्ये होती, आणि जीप अजून पंपावर होती.