शिस्तीचं घर

छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईंपुढे त्या सकाळी शालेय शब्दकोशाची पानं आली. 'अरेरावी : कुणाचं न ऐकता आपलंच खरं करणारी उद्दाम वागणूक.' पुढे 'वाक्यात उपयोग' ही जागा कोरी होती.

"बाई, एखादं साधं वाक्य घाला तिथे," संपादक म्हणाले. "पोरांना पटकन कळेल असं."

बाई पेन उघडून तशाच बसून राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात घरातल्या वागणुकीला त्यांनी हा शब्द कधी लावलाच नव्हता. यजमानांची चाहूल लागली की घर चिडीचूप व्हायचं. "तुला काय कळतंय?" एवढ्यावर प्रत्येक बोलणं संपायचं. सासूबाई म्हणायच्या, "करारी आहे तो." शेजारी म्हणायचे, "शिस्तीचं घर." एकाच्या खाकरण्याने बाकीच्यांची वाक्यं अर्धवट राहतात, त्याला आपण शिस्त म्हणतो!

लेकीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा यजमानांनी फर्मावलं, "आपल्याला ती मेली." त्याला आता चार वर्षं झाली होती. कपडे वाळत घालताना बाई मनातल्या मनात तिच्याशी बोलत. चुकून ओठ हलले, तर दचकून मागे बघत.

अखेर त्यांनी लिहिलं, 'बाबांच्या अरेरावीपुढे आईने कधी तोंड उघडलं नाही.'

"वा! घरोघरी मातीच्या चुली," संपादक हसले. बाईंना हसू आलं नाही. दोष बाबांचा होता, पण वाक्य पुन्हा वाचताना त्यांना लाज वाटली ती आईची.

संध्याकाळी यजमानांपुढे चहा ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या मी लेकीकडे जाणार आहे."

वर्तमानपत्र खाली आलं. "कुणाला विचारून?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

"उंबरठा ओलांडलास, तर परत यायचं नाही!"

बाईंनी कपबशी त्यांच्याकडे सरकवली. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

शेजारीण समजूत घालायला आली. "या वयात कशाला हो? पुरुषांचा स्वभावच तसा."

"तीस वर्षं मीही हेच म्हणत आले," बाई म्हणाल्या आणि पिशवी भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी लेकीने दार उघडलं आणि चौकट धरून उभीच राहिली. तिच्या पायामागून तीनेक वर्षांची एक मुलगी डोकावली.

"आई, ही कोण?"

लेकीने तिला उचलून कडेवर घेतलं. त्या घरात आजवर 'आजी' हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.