काळ्या रंगाखालचा पट्टा

"सरकारचा पट्टा काय पोट भरतो व्हय?" असं धक्क्यावर सगळ्यांम्होरं म्हनून गेलीस न्हवं, लुपे आत्या? मग आता माझं बी ऐक. इथं नसलीस तरी ऐक.

मी तुझ्याच बोटीच्या अंगावरचा पट्टा बोलतोय. बंदराच्या हापिसानं लोखंडावर वेल्डिंगची कड वढली, वर पांढरा रंग दिला. तवापास्नं माझं काम एकच. माल भरताना पानी माझ्यापातूर आलं की बास. पुढं एक डुक्कर न्हाई, एक मानूस न्हाई.

लुपे चोर न्हवती, खोटं कशाला बोलू. हापाईच्या बेटांवर पीठ, रॉकेल, औषध तिच्याच बोटीनं जायचं. सरकारची बोट यायची तवा यायची. ती म्हनायची, साहेब लोक पंख्याखाली बसून नियम करत्यात, आन तिकडं म्हातारी औषधावाचून खोकून मरतीय. खरं व्हतं ते. पर समुद्राला त्याचं काय?

मग हापाईला एक मयत झाली. आमच्यात मयताला रिकाम्या हातानं जात न्हाईत. डुकरं आली, कोनफळाच्या टोपल्या आल्या, चटयांच्या वळकट्या आल्या. कुनाचं मागं ठेवायचं? ज्याचं ठेवलं त्याचा अपमान. मी बुडालो पान्यात.

बंदराचा तपासनीस सेमिसी आला, वाकून बघितलं त्यानं. लुपे त्याच्या बापाची सख्खी बहीन. आमच्यात बापाच्या बहिनीचा मान सगळ्यांच्या वर. भाचा तिच्याम्होरं तोंड उघडत न्हाई. तरी बोलला बिचारा.

"आत्या, पट्टा बुडालाय."

"मग रंगव की वर. का बापाच्या बहिनीला न्हाई म्हनतोस?"

गड्यानं ब्रश आनला, मला काळं फासलं आन वीतभर वर नवा पांढरा काढला. त्याचा बाप डेकवर डुकरांपाशी बसलेला, त्यो हसला. म्हनला, माझी बहीन समुद्राला बी दटावंल.

बंदराभाईर लाट आली. बोट जड, उठलीच न्हाई. पानी मागल्या दारानं शिरलं आन डुकरांसकट सेमिसीच्या म्हाताऱ्या बापाला घेऊन गेलं. बाकीचे वाचले. म्हाताऱ्याचं मढं बी घावलं न्हाई.

त्याच्या दुखवट्याला मानाच्या चटया कुनाला? रीतीनं बहिनीला. लुपे त्यांच्यावर बसली. सेमिसी डोकं भादरून दाराशी. एकमेकांकडं बघितलं न्हाई दोघांनी.

आज तीच बोट डागडुजी करून परत धक्क्याला लागलीय. माल चढतोय. वरचा पट्टा कोरडा दिसतोय, म्हनून बायामानसं खुशाल चढत्यात. मी पान्याखाली हाय, ते कुनाला दिसत न्हाई.

सेमिसी, तू हितंच हुबा हायेस. रंग फासला तरी कड जात न्हाई. पान्यात हात घाल, बोटाला लागंल. काळा रंग खरवड आन आत्या आली की तिला न्हाई म्हन. दोर सुटायच्या आधी म्हन.