मरियामातेचे लाल अश्रू

विणकर आळीच्या कोपऱ्यावरची लाकडी मरियामाता रडत होती, तेही रक्ताचे अश्रू! सन १५६१ चा तो श्रावणासारखा ओला ऑगस्ट, लोआर नदीकाठचं ते लहानसं गाव, आणि कोपऱ्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायका ऊर बडवत होत्या, पुरुष टोप्या काढून चिखलात गुडघे टेकत होते.

"दिवे लावा! आणखी लावा!" फादर बोनिफास घसा फोडून सांगत होते. "जितका उजेड कराल तितकं आईचं दुःख वाहील. द्राक्षं का कुजली? पाव का महागला? या प्रोटेस्टंटांचं पाप! तो अब्दियास विणकर इथून टोपी न काढता गेला, आणि त्याच दिवशी आई रडायला लागली!"

पिकापासून दाढदुखीपर्यंत सगळ्याचं मूळ फादरना त्या एकाच घरात सापडत होतं.

मेणबत्त्या करणारी ओझान गर्दीत गप्प उभी होती. ती कॅथलिक, रोज याच मूर्तीला हात जोडणारी. पण ते थेंब तिने पहिल्याच दिवशी ओळखले होते. पत्रांवर मोहोर करायला हवं म्हणून फादरनी हिंगूळ घालून लाल केलेलं मेण तिच्याकडूनच नेलं होतं. तरी तीन दिवस ती बोलली नाही. प्रोटेस्टंट झालेले लोक देवापुढे मेणबत्त्या लावत नसत, त्यामुळे तिचं दुकान बसत चाललं होतं. आता दारात रांग लागली होती.

अब्दियास तिचा शेजारी. "ओझानबाई, तुमच्या देवाला दिव्याशिवाय दिसत नाही वाटतं?" तो चिडवायचा.

"आणि तुमच्या देवाला कमी ऐकू येतं, म्हणून एवढं बोंबलून गाता का रे?" ती सुनवायची. मग दोघंही हसायची.

"चला, ओढून आणू त्याला!" जर्मेन खाटीक ओरडला आणि दहा-बारा जण आळीत धावले.

तेव्हा कुठे ओझान हलली. चौथऱ्यावर चढून तिने मूर्तीच्या गालावरचे थेंब नखाने खरवडले, त्यांचा गोळा केला, ओढणीचा धागा त्यात खुपसून पेटवला. तळहातावर चिमुकली मेणबत्ती जळू लागली.

"रक्त कधी असं पेटतं का? मेण आहे हे, माझ्याच दुकानातलं! मूर्तीच्या डोळ्यांत भरून ठेवलंय. तुम्ही दिवे लावता, ते वितळतं!"

"सैतान शिरलाय हिच्यात!" फादर ओरडले. पण एका म्हातारीने पुढे होऊन फुंकर मारत सगळे दिवे विझवले. थोड्याच वेळात मरियामातेचं रडणं थांबलं. फादर कधी निसटले ते कुणाला कळलंच नाही.

"अरे, पळा! जर्मेनला थांबवा!" ओझान किंचाळली.

जर्मेन समोरूनच येत होता. "कशाला थांबवता? उरकलं," तो म्हणाला. लोकांनी त्याला मेण दाखवलं. त्याने ते बोटांत चोळून पाहिलं.

"तुला कधी कळलं हे?" त्याने ओझानला विचारलं.

"पहिल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस गं?" एवढा आडदांड माणूस, पण त्याला रडू फुटलं. आळीतून अब्दियासच्या बायकोचा आक्रोश ऐकू येत होता.

मूर्ती रडते म्हणे, तर तिचा थेंब बोटावर घेऊन बघा. त्याला फार अक्कल लागत नाही. आणि ज्याला कळलं त्याने त्याच दिवशी बोलावं, दुकान बसलं तरी बोलावं. ओझान खरं बोलली, पण चौथ्या दिवशी. तोवर अब्दियास गेला होता.