शीतलबाबाच्या गाडीतला वारा

मे महिन्याच्या भर दुपारी सोनिवलीच्या मैदानात रांग लागली होती. शीतलबाबाची गाडी म्हणजे चाकांवरचं घरच: आत पलंग, मोरी, छपरावर एसी, मागे जनरेटर. पुण्यवान आत गेला की गार वारा, पापी गेला की वारा बंद!

हिरामण आपल्या विधवा वहिनीला, बकुळाला, घेऊन आला होता. "बाबा ठरवतील हिनं माझ्या भावाला खाल्लं की नाही. वारा थांबला तर आजच घराबाहेर." बकुळाची भाची सुरुची मागोमाग आत शिरली. अंबरनाथच्या आयटीआयमध्ये ती वीजकाम शिकवायची.

"सुवासिनीनं गार पाण्यानं पाय धुवायचे, विधवेनं गरम," बाबा डोळे मिटून म्हणाला. "गरम पाण्यानं पाप सुटतं, बाळे, आणि वाऱ्याला वास लागतो."

चेला धर्मेशने मोरीतलं बटण दाबून तांब्या भरला. बकुळाने पायांवर पाण्याची धार धरली आणि एसी गप्प झाला.

"वहिनी, सामान बांध!" हिरामण ओरडला.

"सुरुची," बकुळा पुटपुटली, "खरंच गं माझ्यामुळे..."

सुरुचीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने मावशीला बाहेर बसवलं. धर्मेशने बटण बंद केलं, बाबाने मंत्र लांबवला आणि काही मिनिटांनी एसी घुमू लागला.

"पाहिलंत? पीडा गेली, वारा आला!"

सुरुचीने मोरीतलं तेच बटण दाबून नळ सोडला. एसी पुन्हा बंद.

"ए पोरी, हात लावू नको! कोप होईल!"

"कुणाचा? जनरेटरचा? हिरामणकाका, आत तुम्ही, मी आणि हे दोघे. बोला, पापी कोण?"

सुरुचीने दार सताड उघडलं.

"ऐका! मोरीतलं ते बटण गीझरचं, पाणी तापवायचं. एवढ्याशा जनरेटरला एसी आणि गीझर एकदम झेपत नाहीत. म्हणून गाडीत भार मोजणारी पेटी असते. गीझर लागला की ती एसी तोडते, गीझर बंद झाला की थोडं थांबून परत जोडते. सोय चांगली आहे. या नालायकानं ती विधवांवर उलटवली."

"म्हंजे माझ्या पोरीला माहेरी धाडली ती या गीझरपायी?" रांगेतली गंगू किंचाळली.

संतोष रिक्षावाला पुढे आला. "मॅडम, ही माझी बायको, सुवासिनी आहे. तिला गरम पाणी देऊन बघा."

सुरुचीने बटण बंद करून एसी परत येऊ दिला, मग तिला गरम पाणी दिलं. एसी थांबला. रांग मोडून लोक गाडीवर धावले, तेव्हा सुरुचीच आडवी आली. "मारामारी नको. पोलिसांना फोन लावा, तक्रार लिहून द्या."

"तरी पण..." हिरामण चाचरला.

"तरी पण काय, भावोजी?" बकुळा उठून उभी राहिली. "घर माझंही आहे. सामान बांधणार नाही मी."

रांगेत शिकलेलेही कमी नव्हते. घरच्या बाईला पापी ठरवण्याआधी बटण कोण दाबतंय, एवढं तरी बघा. तेही जमत नसेल, तर निदान तिला घराबाहेर काढू नका.